फुलं येत नाहीत म्हणून खत वाढवलं, आता पानं जळताहेत

पत्राचा सारांश: ठाण्यात घोडबंदर रस्त्यावरच्या एका संकुलात राहणाऱ्या या वाचक दीड वर्षापूर्वी बँकेतून निवृत्त झाल्या. निरोप समारंभात सहकाऱ्यांनी त्यांना ऑर्किडच्या तीन कुंड्या दिल्या, दोन डेन्ड्रोबियम आणि एक फॅलेनॉप्सिस. तिन्ही फुलांसकट आल्या होत्या. ती फुलं गळाल्यापासून एकाही झाडाला नवी दांडी आलेली नाही. पानं गडद हिरवी आहेत, पण टोकं काळी पडू लागलीत आणि कुंडीतल्या कोळशावर पांढरा थर धरलाय. सुरुवातीला त्या दर आठवड्याला लिटरभर पाण्यात चमचाभर १९:१९:१९ हे रासायनिक खत द्यायच्या. बागकामाच्या ग्रुपवर कुणी सुचवलं म्हणून फुलांसाठी ००:५२:३४ आणलं. मग केळ्याच्या सालींचं पाणी झालं, तांदळाचं धुवण झालं, शेवटी शेणाची स्लरी. टँकरच्या दिवसांत पाणी वाया जाऊ नये म्हणून झाडांना आरओ यंत्रातून बाहेर पडणारं पाणी घालतात. सासूबाईंचं म्हणणं, तुळशीशेजारी रासायनिक काही नको. वाशीला राहणाऱ्या नणंदेकडे तसंच डेन्ड्रोबियम वर्षातून दोनदा फुलतं आणि ती म्हणते, 'मी तर काहीच घालत नाही.' त्या विचारतात: कोणतं खत द्यावं, किती, कधी? रासायनिक की सेंद्रिय? की माझ्या हातालाच गुण नाही?

ताई,

तुमच्या पत्रात खतं पाच आहेत आणि उन्हाचा उल्लेख एकदाही नाही. कुंड्या कुठल्या दिशेला आहेत, ऊन सकाळचं येतं की दुपारचं, सरकत्या काचा दिवसभर बंद असतात की उघड्या, काहीच कळत नाही. तुम्हाला एकटीला दोष देत नाही. ऑर्किडबद्दल मला येणारी पत्रं थोड्याफार फरकाने अशीच असतात. फूल आलं नाही म्हणजे झाड उपाशी आहे, असं आपण गृहीत धरतो. खाऊ घातलं की जबाबदारी पार पडल्यासारखं वाटतं, आणि तरीही नाही जमलं तर आणखी खाऊ घालतो.

पण तुम्ही लिहिलेली लक्षणं उपासमारीची नाहीतच. नत्र (नायट्रोजन) कमी पडलं तर आधी जुनी पानं पिवळी पडतात आणि नवी कांडी आधीच्या कांडीपेक्षा बुटकी, बारीक निघते. पानं गडद हिरवी आणि फुलांचा पत्ता नाही, हे नत्र भरपूर आणि उजेड कमी असल्याचं लक्षण. काळी टोकं आणि कोळशावरचा पांढरा थर म्हणजे कुंडीत क्षार साचलेत.

आता तुमच्या चमच्याचा हिशोब करू. चहाचा सपाट चमचा भरला की ही पूड साधारण पाच ग्रॅम येते. १९:१९:१९ मध्ये १९ टक्के नत्र, म्हणजे तुमच्या एका लिटरमध्ये जवळजवळ ९५० मिलिग्रॅम नत्र गेलं. आठवड्याला द्यायचं तर ऑर्किडला लिटरमागे शंभर मिलिग्रॅमच्या आसपास पुरतं. तुम्ही साडेनऊ पट दिलंत, आणि तेही आधीच क्षार भरलेल्या पाण्यातून. झाडं अजून जिवंत आहेत, याचं मला कौतुक वाटतं.

हे प्रमाण इतकं कमी का, ते समजून घ्यायचं तर येऊरला जाऊन या. जूनच्या तोंडावर तिथल्या जुन्या झाडांच्या खोडांवर, फांद्यांच्या बेचक्यांत आपली रानातली ऑर्किडं दिसतील. बघणारे त्यांना बांडगूळ म्हणतात, पण ती झाडाचा रस शोषत नाहीत, फक्त त्याच्या अंगावर बसलेली असतात. पानांवरून निथळणारं पावसाचं पाणी, पक्ष्यांची विष्ठा, बेचक्यात कुजलेला पाचोळा, एवढीच त्यांची शिदोरी. ती मिळते थोडी थोडी, पण पावसाळाभर मिळत राहते. बाजारातले संकर यापेक्षा भुकेले असतात, झपाट्याने वाढावेत आणि जास्त फुलावेत म्हणूनच ते तयार केलेले आहेत. त्यामुळे 'ऑर्किडला खत लागतच नाही' हेही खरं नाही. पण खाण्याची रीत त्यांनी रानातलीच ठेवली आहे, थोडं आणि वरचेवर. (येऊरमधून रोप मात्र उचलून आणू नका. ते राष्ट्रीय उद्यानाचं जंगल आहे आणि तिथलं ऑर्किड बाल्कनीत सहसा टिकतही नाही.)

या झाडांची मुळंही वेगळी असतात. मुळाभोवती मृत पेशींचा एक जाड पांढुरका थर असतो. कोरडा असताना तो रुपेरी दिसतो, भिजला की पाणी शोषून हिरवट होतो. अंगावर पडलेलं पहिलं पाणी, त्यातल्या अन्नासकट, हा थर पटकन धरून ठेवतो. म्हणूनच सौम्य खत ऑर्किडला लगेच लागू पडतं आणि कडक खत तितक्याच लवकर इजा करतं. मातीतल्या झाडाला माती सांभाळून घेते, जादा क्षार काही प्रमाणात स्वतःकडे ठेवते. कोळसा, सालीचे तुकडे आणि विटांच्या खडीत तशी सोय नसते. मुळाचं टोक पाहा. हिरवं किंवा लालसर चमकदार असेल तर मूळ चालू आहे. तपकिरी, काळं, सुकलेलं असेल तर ते जळालं आहे, आणि जळलेल्या मुळांच्या झाडाला कुठलंही खत देऊन उपयोग नाही.

नणंदेच्या 'काहीच घालत नाही'वर विश्वास ठेवायला हरकत नाही. फक्त तिच्याकडे काय आहे ते पाहू. नवी मुंबई महापालिकेचं स्वतःचं मोरबे धरण आहे, खालापूर तालुक्यात. सह्याद्रीच्या पावसावर भरणाऱ्या धरणाच्या पाण्यात क्षार सहसा कमी असतात. ठाण्यातही महापालिकेच्या नळाला धरणाचंच पाणी येतं. पण घोडबंदरच्या बाजूला संकुलाच्या टाकीत नळाचं किती, टँकरचं किती आणि बोअरचं किती, हे सोसायटीच्या सेक्रेटरीलाही धड सांगता येत नाही. बोअरच्या पाण्यात क्षार बरेच जास्त असू शकतात.

त्यात तुमचं आरओचं पाणी. टंचाईत पाणी वाचवावंसं वाटणं योग्यच आहे, म्हणून हे लिहिताना मला वाईट वाटतं, पण ऑर्किडला घालायला घरात याहून वाईट पाणी सापडणार नाही. समजा यंत्रात तीन लिटर पाणी गेलं, एक लिटर प्यायला मिळालं, दोन लिटर नळीतून बाहेर पडलं. तीन लिटरमधले जवळजवळ सगळे क्षार त्या दोन लिटरमध्ये उतरले. मूळ पाण्याचा टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा आकडा) ६०० असेल तर बाहेर पडलेल्याचा ९०० च्या घरात जातो. हे पाणी लादी पुसायला, संडास-बाथरूम धुवायला वापरा. ऑर्किडला नको.

टीडीएस मोजायचं पेन काही शे रुपयांत मिळतं, बहुधा शेजारीपाजारी कुणाकडे पडूनही असेल. ते आधी मिळवा, खत नंतर. २०० च्या खाली आकडा आला तर निश्चिंत राहा. २०० ते ४०० मध्ये चालेल, पण कुंडी वरचेवर साध्या पाण्याने धुवावी लागेल. ५०० च्या वर गेला तर पावसाचं साठवलेलं पाणी किंवा एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी त्यात निम्मं मिसळा. एसीचं पाणी हवेतल्या बाष्पाचं असतं, त्यात क्षार नगण्य. नुकतंच सर्व्हिसिंग होऊन कॉइल रसायनाने धुतलं असेल तर मात्र चार दिवस ते पाणी टाकून द्या. एक गोष्ट लक्षात असू द्या, या पेनला युरिया दिसत नाही. त्यामुळे खत घातलेल्या पाण्याचा आकडा कमी आला म्हणून ते सौम्य आहे, असं समजायचं नाही.

नणंदेचं डेन्ड्रोबियम न खाता कसं फुलतं, याचं आणखी एक कारण त्याच्या कांड्यांत आहे. त्या जाड कांड्या म्हणजे झाडाचं कोठार. चांगल्या वर्षी भरून ठेवलेलं अन्न पुढे बराच काळ पुरतं आणि पानं झडलेल्या जुन्या कांडीवरही फुलांचा घोस येतो. (म्हणून जुनी कांडी कुरूप दिसते म्हणून कापू नका.) कधी नर्सरीवाल्यानेच रोपाच्या बुंध्यात हळूहळू विरघळणाऱ्या खताच्या गोळ्या टाकलेल्या असतात आणि त्या आपलं काम करत असतात. आणि तिच्या गॅलरीत बहुधा पूर्वेचं ऊन येत असणार. पुढच्या भेटीत हे विचारून घ्या. हातगुणाचा प्रश्न तेवढ्यात निकाली निघेल. निवृत्तीच्या भेटीला फूल येत नाही, तेव्हा मनात भलतेसलते विचार येतात, हे मी समजू शकते. पण तुमचा हात नको तितका उदार होता, इतकंच.

उजेडाचं पाहू. लग्नाच्या मांडवात जी जांभळी-पांढरी ऑर्किडं लावतात, ती बहुतेक डेन्ड्रोबियमचीच. त्या जातीला सकाळचं तीन-चार तास ऊन हवंच. पूर्वेची बाल्कनी असेल तर ग्रिलला बाहेरच्या बाजूने टांगा. पश्चिमेची असेल तर दुपारी पन्नास टक्के सावलीची हिरवी जाळी लावा, नाहीतर पानांवर भाजल्याचे डाग पडतील. दक्षिणेची असेल तर हिवाळ्यात ऊन आत येईल आणि उन्हाळ्यात जवळजवळ येणार नाही, तेव्हा ऋतूप्रमाणे कुंडी हलवावी लागेल. उत्तरेची असेल तर डेन्ड्रोबियमचा नाद सोडून ते नणंदेला द्या आणि फॅलेनॉप्सिस तुमच्याकडे ठेवा. हे मी गंमत म्हणून लिहीत नाही. पुरेसा उजेड मिळू लागला की नवी पानं थोडी फिकी, पोपटीकडे झुकणारी येतात. घाबरून नत्र वाढवू नका, डेन्ड्रोबियमला तोच रंग हवा. मात्र अंधारातलं झाड एकदम उन्हात नको. दोन आठवडे घेऊन थोडं थोडं पुढे सरकवा.

फॅलेनॉप्सिसचं तंत्र वेगळं. त्याला थेट ऊन सोसत नाही, खिडकीजवळचा स्वच्छ उजेड पुरतो. त्याची फुलाची दांडी गारव्यावर धरते. तापमान सतत २८ अंशांच्या वर राहिलं तर ते पानंच काढत बसतं, आणि काही आठवडे २५ अंशांच्या खाली उतरलं की दांडी निघते. ठाण्यात हे डिसेंबर ते फेब्रुवारीच्या रात्रींतच जमतं. तेव्हा नोव्हेंबर सरताना ते दिवाणखान्याच्या कोपऱ्यातून काढून उघड्या खिडकीशी ठेवा, निदान रात्रीपुरतं. मे महिन्यात 'फुलांचं खत' घालून त्याच्याकडून काही मिळायचं नाही.

आता ते ००:५२:३४. हे आकडे क्रमाने नत्र, स्फुरद (फॉस्फरस) आणि पालाश (पोटॅश) यांचे. म्हणजे यात नत्र शून्य आणि स्फुरद ५२ टक्के. 'स्फुरद दिलं की फुलं येतात' ही समजूत आपल्याकडे इतकी मुरली आहे की दुकानदारही झाड न पाहता हेच पाकीट काढून देतो. वस्तुतः झाडाला नत्राच्या मानाने स्फुरद खूपच कमी लागतं. अमेरिकेतल्या मिशिगन स्टेट विद्यापीठात ऑर्किडसाठी जी खतं बसवली गेली आणि पुढे जगभर वापरली गेली, त्यांचं प्रमाण शुद्ध पाण्यासाठी १३:३:१५ आणि विहिरीच्या क्षारयुक्त पाण्यासाठी १९:४:२३ असं आहे. मधला आकडा पाहा. स्फुरद फार झालं तर लोह आणि जस्त उचलायला झाडाला उलट अडचण होते. ज्याने ००:५२:३४ घातलं आणि फुलं आली, त्याच्या झाडाला बहुधा तेव्हा यायचीच होती. शेडनेटमध्ये विक्रीसाठी ऑर्किड करणारे शेतकरी वाढीच्या काळात नत्र जास्त, फुलावर येताना स्फुरद-पालाश जास्त, असं वेळापत्रक पाळतात हे खरं. पण त्यांच्याकडे ऊन, हवा, पाणी सगळं मोजून असतं. तुमच्या तीन कुंड्यांना त्या वेळापत्रकाची गरज नाही.

रासायनिक की सेंद्रिय, या वादात मी एरवी तुमच्या सासूबाईंच्या बाजूची. तुळस, कढीपत्ता, मोगरा यांच्या कुंडीत माती असते, मातीत जिवाणू असतात, आणि शेणखत, गांडूळखत, भाजीचा कचरा हे सगळं त्या जिवाणूंच्या मार्फत झाडापर्यंत पोचतं. मातीही भुसभुशीत राहते. तिथे रासायनिक खत घालायची काही गरज नाही. ऑर्किडच्या कुंडीत मात्र मातीच नाही. शेणातलं नत्र झाडाला शेणाच्या रूपात घेता येत नाही, जिवाणूंनी त्याचं अमोनियम आणि नायट्रेट केल्यावरच ते मुळात शिरतं. कोळशात आणि सालीच्या तुकड्यांत हे काम फारच संथ चालतं. तोवर स्लरीचा गाळ तुकड्यांच्या फटींत बसतो, हवा कोंडते आणि मूळ कुजतं. ऑर्किडच्या मुळाला पाण्याइतकीच हवा लागते.

केळ्याच्या सालीच्या पाण्यात थोडं पालाश असतं, त्याहून जास्त साखर असते. ती चिलटांना आणि मुंग्यांना आवडते. तांदळाच्या धुवणातल्या पिठाने सालीवर पांढरी बुरशी येते. अंड्याच्या टरफलातलं कॅल्शियम पाण्यात विरघळतच नाही म्हटलं तरी चालेल. चहाचा चोथा, ताक, हळदीचं पाणी, यातलं काहीच नको. सेंद्रियच द्यायचं असा घरातला आग्रह असेल तर गांडूळपाणी फडक्यातून दोनदा गाळून, एकाला दहा या प्रमाणात पातळ करून पंधरा दिवसांनी देता येईल. झाड तगेल, वाढ सावकाश होईल. समुद्रशेवाळाचा अर्क मुळं फुटायला थोडी मदत करतो, पण त्यात अन्न फारसं नसतं. त्याला पूरक समजा, जेवण नव्हे.

तरी सासूबाईंशी याविषयी वाद घालू नका, कुंड्या हलवा. ऑर्किडं ग्रिलला टांगल्यावर ती तुळशीपासून आपोआप दूर जातात. खत देताना खाली बादली धरा, म्हणजे तुळशीवरही थेंब पडणार नाही आणि खालच्या मजल्यावरच्या वाळत घातलेल्या कपड्यांवरही नाही. तांदळाचं धुवण तुळशीला जाऊ दे, तिच्या मातीत ते खपून जाईल.

आता प्रत्यक्ष काय करायचं ते. पुढचा महिनाभर खत पूर्ण बंद. महापालिकेचं पाणी येण्याच्या वेळी थेट नळाचं पाणी मिळत असेल तर ते, नाहीतर पावसाचं किंवा आरओचं शुद्ध बाजूचं पाणी घ्या आणि कुंडीच्या आकारमानाच्या चार-पाच पट पाणी सावकाश वरून ओता. पाव तास थांबा, म्हणजे कोळशात मुरलेले क्षार सुटतील, आणि पुन्हा तेवढंच ओता. आठवड्याने हेच एकदा आणखी करा. कोळशावरचा पांढरा थर तरीही गेला नाही, किंवा कुंडीतून आंबूस वास येत असेल, तर झाड बाहेर काढावं लागेल. स्लरी घातलेल्या कुंडीचं बहुधा तेच करावं लागेल. मऊ, पोकळ मुळं कापा, टणक ठेवा, आणि नवा कोळसा, पाइनच्या सालीचे तुकडे, थोडी विटांची खडी यांत बसवा. नारळाच्या सोडणाचे तुकडे वापरायचे असतील तर दोन-तीन दिवस पाणी बदलत भिजवून घ्या, कोऱ्या सोडणातही क्षार असतात. कुंडी बदलायला नवी मुळं फुटू लागतात तो काळ चांगला, आपल्याकडे पाऊस सुरू होण्याआधीचे दोन-तीन महिने. पण मुळं कुजलेली असतील तर मुहूर्त पाहू नका.

काळी टोकं पुन्हा हिरवी होणार नाहीत. खराब दिसत असतील तर कात्री ज्योतीवर तापवून, गार करून तेवढाच भाग छाटा. सुधारणा नव्या पानात आणि नव्या मुळात शोधायची.

नव्या मुळाचं हिरवं टोक दिसलं की खत सुरू. नवं काही विकत आणायची गरज नाही, तुमच्याकडचं १९:१९:१९ चालेल. आपल्याकडे मिळणाऱ्या या खतात निम्म्याहून अधिक नत्र युरियाच्या रूपात असतं. 'ऑर्किडला युरिया चालतच नाही' असं काही जण ठासून सांगतात, ते जरा टोकाचं आहे, पण नायट्रेटचं नत्र जास्त भरवशाचं हे खरं. म्हणून कृषी सेवा केंद्रातून थोडं कॅल्शियम नायट्रेट आणा. एका आठवड्याला १९:१९:१९, पुढच्या आठवड्याला कॅल्शियम नायट्रेट, दोन्ही लिटरमागे अर्धा ग्रॅम. तिसऱ्याला पुन्हा १९:१९:१९ आणि चौथ्या आठवड्याला भरपूर साधं पाणी. धरणाच्या पाण्यात कॅल्शियम कमी असतं, त्याचीही यातून भरपाई होते. पाकिटावर सूक्ष्म अन्नद्रव्यांचा उल्लेख नसेल तर त्यांचं मिश्रण महिन्यातून एकदा, पाकिटावरच्या मात्रेच्या निम्मं. इतकं पुरे. 'खास ऑर्किडसाठी' म्हणून मिळणाऱ्या छोट्या बाटल्या वाईट नसतात, पण आधी आकडे वाचा. पुष्कळदा तेच घटक पाण्यात विरघळवून महाग विकलेले असतात.

अर्धा ग्रॅम स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजता येत नाही. त्यावर उपाय सोपा. दहा ग्रॅम पूड एक लिटर पाण्यात विरघळवून बाटली भरून ठेवा. त्यातलं ५० मिलिलिटर घेऊन एक लिटर होईस्तोवर पाणी घातलं की अर्धा ग्रॅम झाला. दोन खतांच्या बाटल्या मात्र वेगळ्या. दाट अवस्थेत कॅल्शियम आणि स्फुरद एकत्र आले की पांढरा साका तळाशी बसतो, तो झाडाच्या उपयोगाचा नाही.

इतकं सौम्य पाणी कोरड्या मुळांवर घातलं तरी चालतं. एप्रिल-मेच्या तापलेल्या दुपारी मात्र नको, सकाळी द्या. कुंडीतून पाणी खाली निथळेपर्यंत घाला, थाळीत साचू देऊ नका. पानांवर फवारायची गरज नाही, ऑर्किड खातं ते मुख्यतः मुळांनी. फॅलेनॉप्सिसच्या पानांच्या मधोमध पाणी साचून राहिलं तर शेंडाच कुजतो.

पावसाळ्यात खत बंद करावं असं सर्रास सांगितलं जातं. ते उघड्यावरच्या कुंडीला सततच्या झडीत ठीक, कारण दिलेलं सगळं वाहूनच जाणार. पण डेन्ड्रोबियमची खरी वाढ याच महिन्यांत होते, आणि तुमच्या बाल्कनीत पावसाचे नुसते शिंतोडे येत असतील तर चार महिन्यांचा उपास कशाला? दोन-चार दिवसांची उघडीप मिळून कुंडी सुकली की द्या, दहा-पंधरा दिवसांनी एकदा, त्यातही कॅल्शियम नायट्रेटला झुकतं माप. युरियावर वाढलेली लुसलुशीत कोंब दमट हवेत चटकन सडते. ऑक्टोबरच्या उन्हात पुन्हा दर आठवड्याला. डिसेंबरपासून वाढ मंदावली की तीन आठवड्यांनी एकदा, आणि मुळांची टोकं रुपेरी थराखाली बंद झालेली दिसली तर तेही नको. कॅलेंडर आणि मुळं यांत मतभेद झाला तर मुळांचं ऐका.

याच प्रश्नाची इतरही बरीच पत्रं आली आहेत, त्यांच्यासाठी दोन गोष्टी इथेच सांगते. प्रदर्शनातून किंवा नर्सरीतून नुकतंच आणलेलं, फुललेलं ऑर्किड घरात रुळेपर्यंत खताशिवाय ठेवा, पहिलं नवं मूळ दिसेपर्यंत. आणि हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या वापरणार असाल तर त्यांच्यावर लिहिलेली मुदत साधारण २१ अंश तापमान धरून दिलेली असते. आपल्या तिशीपार उन्हाळ्यात 'सहा महिन्यांच्या' गोळ्या त्याच्या बऱ्याच आधी रिकाम्या होतात आणि सगळं खत एकदम सोडतात. शिवाय सालीच्या फटींतून त्या खाली घरंगळतात. मातीच्या कुंड्यांना त्या छान, ऑर्किडला मी देत नाही.

शेवटी उरलेल्या पाकिटांचं. अर्धा ग्रॅमने एक किलो खताचं दोन हजार लिटर पाणी होतं. तीन कुंड्यांना आठवड्याला एक लिटर धरलं तर ते अडतीस वर्षं पुरेल, म्हणून किलोचं पाकीट मैत्रिणींत वाटून टाका. ००:५२:३४ गच्चीवर मिरच्या-टोमॅटो लावणाऱ्या कुणाला तरी द्या. कॅल्शियम नायट्रेट हवेतलं पाणी ओढून घेतं आणि जुलैत उघड्या पिशवीत त्याचं अक्षरशः पाणी होतं, तेव्हा घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवा. त्याचे दाणे हुबेहूब साबुदाण्यासारखे दिसतात. बरणीवर ठळक अक्षरांत नाव लिहा आणि ती स्वयंपाकघरात अजिबात नको, बाल्कनीतल्या कपाटात वरच्या फळीवर ठेवा.